पेटीवरचे नाव

कोकणातील हापूस आंब्याचा व्यापार दीर्घकाळ अशा रीतीने चालत आला आहे की, फळ पिकवणाऱ्याचे नाव ते खाणाऱ्याला कळण्याचा प्रसंगच त्यात सहसा येत नाही. बागायतदार फळ उतरवून पेट्या भरतो. हुंडेकरी, म्हणजे गावोगावच्या पेट्या गोळा करून बाजारपेठेत पोहोचवणारा वाहतूकदार, त्या रात्रीतून वाशीला नेतो. तेथे दलाल त्या विकतो आणि काही दिवसांनी बागायतदाराच्या हाती पट्टी येते, म्हणजे विक्रीची रक्कम आणि तीतून वजा झालेली दलाली, हमाली व भाडे दाखवणारा हिशेबाचा कागद. पेटीवर बागायतदाराची खूण असते, पण ती दलालाला हिशेब ठेवता यावा एवढ्यापुरती; पेटी फुटून फळे किरकोळ विक्रेत्याच्या टोपलीत गेली की त्या खुणेचे काम संपते. या साखळीबाहेर पडून स्वतःच्या नावाने आंबा विकू लागलेल्या देवगड तालुक्यातील एका तरुण बागायतदाराला, म्हणजे प्रस्तुत लेखकाला, काही हंगामांत जे अनुभव आले आणि त्यांतून त्याची जी मते बनली, त्यांची मांडणी येथे केली आहे.

उद्योजकाने स्वतःचे नाव आणि चेहरा हीच मालाची ओळख करावी, हा विचार व्यवस्थापनाच्या लेखनात टॉम पीटर्स यांच्या 1997 मधील ‘फास्ट कंपनी’ मासिकातील लेखापासून विशेष रूढ झाला असे मानले जाते. परंतु आडनावावर माल विकण्याची रीत मराठी व्यापाराला त्याच्या कितीतरी आधीपासून परिचित आहे. सांगलीच्या गाडगीळांची सराफी 1832 पासूनची आणि गिरगावच्या बेडेकरांचे दुकान 1910 पासूनचे, आणि दोन्ही ठिकाणी गिऱ्हाईक आडनावाकडे पाहूनच येत आले. मात्र सोने कसाला लावता येते आणि मसाला एकदा जमला की प्रमाण राखून तसाच पुन्हा करता येतो, तर आंबा कापल्याशिवाय आतून कसा आहे हे पिकवणाऱ्यालाही सांगता येत नाही, आणि कापलेला आंबा विकता येत नाही. त्यामुळे आंब्याच्या पेटीवर नाव घालणारा माणूस जे त्याने स्वतः पाहिलेले नाही त्याची हमी देत असतो. तरुणांना स्वतःचे नाव मोठे करण्याविषयी जे सांगितले जाते त्यात प्रसिद्धीचा भाग फार आणि या हमीचा भाग फार थोडा असतो, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

या व्यवसायाविषयीच्या चर्चेत दलालाला खलनायक ठरवण्याची पद्धत पडली आहे, आणि वाणिज्य शाखेचे शिक्षण पुण्यात घेऊन गावी परतलेल्या तरुणाच्या डोक्यातही तीच कल्पना पक्की होती. प्रत्यक्षात बागेचा खर्च पावसाळ्यानंतर सुरू होतो, खते, फवारण्या, राखण आणि गड्यांचे पगार मार्चपर्यंत चालू राहतात, आणि पैसा मात्र एप्रिल-मे या दोन महिन्यांतच येतो. मधल्या काळाची तोंडमिळवणी अनेक घरांत दलालाकडून घेतलेल्या उचलीवर, म्हणजे पुढील मालाच्या भरवशावर मिळणाऱ्या आगाऊ रकमेवर, होत असते. लेखकाच्या घरातील एक लग्न आणि एक मोठे आजारपण अशाच उचलीवर निभावले होते, आणि तिच्यासाठी कोणी कागद मागितला नव्हता. म्हणून दलालाकडे माल कमी पाठवण्याचा विषय निघाला तेव्हा वडिलांचा विरोध हा जुन्या पिढीचा हट्ट नव्हता. अडचणीला धावून येणारा माणूस मोडायचा तर त्याच्या जागी कोण, असा तो प्रश्न होता, आणि त्याला त्या वेळी उत्तर नव्हते.

उत्तर शोधण्याची वेळ परिस्थितीनेच आणली. महाराष्ट्र शासनाने 2016 मध्ये फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केल्याने थेट विक्रीला कायद्याची अडचण उरली नव्हती, तरी बहुतेकांनी जुनी वाट सोडली नव्हती. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी जाहीर झाली ती फळ तयार होण्याच्या ऐन तोंडावर, आणि बाजाराचे व्यवहार विस्कळीत झाल्यावर उतरवलेला आंबा पाठवायचा कोठे हाच प्रश्न उभा राहिला. पुण्यातील आणि मुंबईच्या उपनगरांतील गृहसंकुलांतून त्याच वेळी भाजी-फळे दारापर्यंत मागवणारे गट तयार होत होते. महाविद्यालयातील ओळखींमधून अशा काही गटांपर्यंत पोहोचता आले, प्रवासाचे परवाने काढून गाडी थेट संकुलाच्या फाटकाशी नेता आली, आणि ज्या पेट्यांची पट्टी त्या वर्षी किती आली असती हे कोणीच सांगू शकत नव्हते, त्या रोख पैशांत गेल्या. पेटीत ठेवलेल्या साध्या चिठ्ठीवर नाव, गाव आणि दूरध्वनी क्रमांक होता. पुढे ज्याला या व्यवसायाचे बोधचिन्ह म्हणता येईल त्याची सुरुवात एवढीच.

त्या हंगामाच्या शेवटी मिळालेला दर आणि आधीच्या वर्षांतील पट्टीवरचा दर यांची तुलना करून फायदा दुप्पट झाल्याचा जो समज झाला, तो पुढील हंगामात टिकला नाही, आणि हा भाग तपशिलाने सांगण्याजोगा आहे. दलाल दर कमी देतो, पण तो सगळा माल घेतो. चार डझनांच्या पेटीतील मोठे फळही त्याला चालते आणि सात डझनांच्या पेटीतील बारीक फळही, कारण त्याच्याकडे दोन्हींचे गिऱ्हाईक आहे. डाग असलेले, देठाजवळ चिकाचा ओघळ उमटलेले फळही तो कमी दराने का होईना खपवतो. थेट घेणाऱ्या कुटुंबाला मात्र मोठे, एकसारखे आणि निर्दोष फळच हवे असते, आणि बाग तसे फळ ठरावीक प्रमाणातच देते. उरलेल्या फळाचा काही भाग कॅनिंगला, म्हणजे रस काढून डबाबंद करणाऱ्या कारखान्यांना, किलोच्या भावाने जातो, आणि तो भाव ताज्या फळाच्या जवळपासही नसतो. त्याखेरीज पुठ्ठ्याची खोकी, पेंढा, शहरातील दारोदार वाटप, वाटेत चेपलेली फळे, आणि संध्याकाळी सहापासून मध्यरात्रीपर्यंत दूरध्वनीवर खर्च होणारा माणसाचा वेळ हे सारे हिशेबात धरल्यावर नफा उरतो हे खरे, पण तो दुप्पट नसतो. स्वतःच्या श्रमाची मजुरी वहीत न लिहिणे ही घरच्या व्यवसायाची जुनी सवय आहे, आणि तरुण उद्योजकांच्या यशाच्या अनेक कहाण्या याच न लिहिलेल्या मजुरीवर उभ्या असतात.

ज्या अनुभवाने व्यवसायाची दिशा ठरवली तो साक्याचा. साका हा हापूसच्या गरातील एक दोष असून त्यात कोयीलगतच्या गराचा काही भाग पांढुरका, भुसभुशीत आणि आंबट राहतो. साल, रंग, वास, आकार यांपैकी कशावरूनही तो बाहेरून ओळखू येत नाही. उशिरा उतरवलेल्या फळात त्याचे प्रमाण वाढते, जमिनीतून परावर्तित होणारी उष्णता त्याला कारणीभूत ठरते आणि झाडाखाली पालापाचोळ्याचे आच्छादन केल्यास तो कमी होतो, एवढे संशोधनातून पुढे आले आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 1981 मध्ये प्रसारित केलेली, नीलम आणि हापूस यांच्या संकरातून आलेली ‘रत्ना’ ही जात साक्यापासून मुक्त असल्यामुळेच वाखाणली गेली. परंतु गिऱ्हाईकाला हवा असतो तो हापूसच, आणि हापूस म्हटला की साक्याची शक्यता आलीच.

जुन्या साखळीत साक्याचे नुकसान खाणाऱ्याच्या वाट्याला जाते. त्याने रस्त्यावरच्या विक्रेत्याकडून घेतलेल्या डझनात दोन फळे खराब निघाली तर तो चरफडतो आणि पुढच्या वेळी दुसऱ्या विक्रेत्याकडे जातो. दोष कोणत्या गावच्या कोणत्या कलमाचा हे विचारायला त्याला कोणी सापडत नाही. पेटीवर दूरध्वनी क्रमांक छापला की विचारायला माणूस सापडतो. कापलेल्या आंब्यांची छायाचित्रे येऊ लागली, त्यांतील काही सकाळी सहा वाजता, आणि एकाने तर फळाच्या बाजूला मोजपट्टी ठेवून छायाचित्र पाठवले. हा निसर्गाचा दोष आहे, तो कोणाच्याही हातचा नाही, असे उत्तर शास्त्रीयदृष्ट्या अचूक होते आणि ते देऊन पाहिल्यावर समोरच्या व्यक्तीचा विश्वास आणखी कमी होतो, असेही दिसून आले. तेव्हा छायाचित्र पाठवल्यास तितकी फळे कोणताही प्रश्न न विचारता पुढच्या गाडीने द्यावीत, असा नियम करण्यात आला. खोटी छायाचित्रे येतील ही घरातील सर्वांची भीती होती. तशी आली असतीलही, पण त्यांचा भार सोसण्याजोगा राहिला, आणि बदली फळे मिळालेल्या कुटुंबांनीच पुढील वर्षी आपापल्या इमारतीतील नवी नावे आणून दिली. या नियमाचा दुसरा परिणाम बागेत झाला. बदली द्याव्या लागणाऱ्या फळांची नोंद कलमवार ठेवल्यावर कातळाच्या उघड्या भागावरील काही झाडांतून तक्रारी जास्त येतात हे दिसले, तेथे आच्छादन वाढवले गेले आणि त्या झाडांचा शेवटच्या तोडीचा माल पेटीत न घालता कॅनिंगला देण्याचे ठरले. दलालाच्या पट्टीतून ही माहिती वर्षानुवर्षे मिळाली नव्हती.

पक्वतेच्या बाबतीतही असाच ताण असतो. कोकणात फळाची तयारी आण्यांत सांगतात. चौदा आणे तयार फळ, म्हणजे साधारण 85 टक्के पक्व झालेले, देठासह उतरवून पेंढ्याच्या आढीत घातले तर आठ-दहा दिवसांत नीट पिकते, आणि त्यापेक्षा कोवळे फळ रंगाने पिवळे झाले तरी चवीला फिके राहते. गुढीपाडव्याला आणि अक्षय्य तृतीयेला मागणी एकदम उसळते, कोवळ्या फळालाही त्या दिवसांत चढा दर मिळतो, आणि ते घाईने पिवळे करण्यासाठी वापरले जाणारे कॅल्शियम कार्बाइड 2011 च्या अन्नसुरक्षा विनियमांनी निषिद्ध असूनही बाजारातून पुरते गेलेले नाही. एका कंपनीने आपल्या कर्मचाऱ्यांना पाडव्याची भेट म्हणून देण्यासाठी मोठी मागणी नोंदवली होती. त्या वर्षी मोहोर उशिरा आल्याने फळ तयार नव्हते, आणि अक्षय्य तृतीयेला देतो हे उत्तर त्यांना उपयोगाचे नव्हते. मागणी गेली ती कायमची, ती कंपनी पुन्हा आली नाही. अशा नकाराचे फळ पुढे मिळतेच, असे सांगण्याची उद्योगविषयक भाषणांतून प्रथा आहे. या प्रसंगी ते मिळाले नाही एवढेच येथे नोंदवावे लागते, आणि तरीही कोवळा माल नावाने पाठवणे शक्य नव्हते.

नावाच्या कायदेशीर बाजूविषयी तरुण उद्योजकांमध्ये बरेच अज्ञान आढळते. 1999 च्या व्यापारचिन्ह कायद्याखाली व्यक्ती किंवा लघुउद्योगाला एका वर्गातील ऑनलाइन अर्जासाठी 4,500 रुपये शुल्क पडते, नोंदणी दहा वर्षांसाठी असते आणि ताज्या फळांचा समावेश 31 व्या वर्गात होतो. एवढी माहिती सल्लागार देतो. पण केवळ स्थळाचा बोध करून देणारे शब्द कोणा एकाच्या मालकीचे होत नाहीत, म्हणून ‘देवगड हापूस’ ही अक्षरे कितीही मोठी छापली तरी ती कोणाचे स्वतःचे चिन्ह बनत नाहीत. आडनावाची गोष्ट त्याहून नाजूक आहे, कारण याच कायद्याचे 35 वे कलम प्रत्येकाला प्रामाणिकपणे स्वतःचे नाव व्यापारात वापरू देते, आणि कोकणात एकाच आडनावाची अख्खी वाडी असते. लेखकाच्या आडनावाची खोकी लवकरच चुलत घरांतूनही निघू लागली आणि त्यात बेकायदा काहीच नव्हते. एका संकुलात भावकीतील दुसऱ्या घरचे खोके पोहोचले, फळ चांगले नव्हते, आणि तक्रार मात्र लेखकाकडे आली. त्यानंतर आडनाव बाजूला ठेवून बागेच्या जुन्या नावाची, जे घरातच वापरात होते, नोंदणी करण्यात आली.

स्थळाच्या नावाचे संरक्षण वेगळ्या कायद्याने होते. भौगोलिक निर्देशांक, म्हणजे विशिष्ट प्रदेशामुळे गुणवत्ता लाभलेल्या वस्तूचे त्या प्रदेशाशी जोडलेले नाव, हापूसला 2018 मध्ये मिळाला, आणि त्याचे क्षेत्र सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, ठाणे व पालघर या पाच जिल्ह्यांचे आहे. हा हक्क समूहाचा असला तरी तो वापरू इच्छिणाऱ्या प्रत्येक उत्पादकाला अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंद करावी लागते, हे अनेकांना ठाऊक नसते. परराज्यातील दिसायला मिळताजुळता आंबा कोकणच्या नावाच्या खोक्यांत भरून विकला जातो, ही तक्रार जुनी आणि खरी आहे. मात्र ती करणाऱ्यांतील किती जणांनी आपली नोंद केली आहे, असे विचारले की सभेत शांतता पसरते.

प्रसिद्धीचा अनुभव याच सुमारास आला. पहाटे फळ उतरवण्याचे काम चालू असताना घेतलेली एक छोटी चित्रफीत समाजमाध्यमांवर अनपेक्षितपणे पसरली. झेल्याने, म्हणजे टोकाला पाते आणि जाळी लावलेल्या लांब काठीने, फळ देठासह अलगद उतरवण्याची साधी क्रिया शहरातील लोकांना नवलाची वाटली असावी. काही दिवस दूरध्वनी सतत वाजत राहिला. त्यांतील बहुतेकांना आंबा विकत घ्यायचा नव्हता, बाग पाहायला यायचे होते किंवा दर विचारून ठेवायचा होता. तरीही ज्यांनी मागणी नोंदवली त्यांची संख्या बागेच्या क्षमतेबाहेर होती. पुढे जे ठरवावे लागले त्याला या व्यवसायातील खरे वळण म्हणता येईल, कारण मागणी नाकारणे, शेजारच्या बागांचा माल घेऊन आपल्या नावाने भरणे आणि तो घेतल्याचे उघड सांगणे असे तीन मार्ग समोर होते, आणि मधला मार्ग सर्वांत सोपा होता. पेटीत कोणाच्या कलमाचे फळ आहे हे कोणालाही कळले नसते.

तिसरा मार्ग निवडल्यावर त्यासोबत बरेच काही आपोआप आले. शेजाऱ्याचे फळ घ्यायचे तर ते चौदा आणे तयार असल्याशिवाय घेता येत नाही. त्याने थांबावे असे वाटत असेल तर थांबण्यातील जोखीम, म्हणजे तेवढ्या दिवसांत पडणारा पाऊस, माकडे आणि चोरी, भरून निघेल असा दर द्यावा लागतो. आणि त्याला उचलीची गरज असेल तर तीही द्यावी लागते. दलालाच्या साखळीतून बाहेर पडायला निघालेला तरुण अशा रीतीने काही घरांपुरता स्वतःच दलाल झाला, आणि उचल बुडण्याची भीती दलालाच्या बाजूने कशी दिसते हे त्याला तेव्हा कळले. प्रत्येक खोक्यावर बागेचा क्रमांक आणि फळ उतरवल्याची तारीख घालण्याची पद्धत येथून सुरू झाली. काही गिऱ्हाइकांनी केवळ एका बागेचाच माल हवा असा आग्रह धरला, काहींनी शेजाऱ्याच्या बागेचा क्रमांक लक्षात ठेवून पुढील वर्षी नेमका तोच मागितला. दुसऱ्या प्रकाराने लेखकाच्या मनाला थोडी टोचणी लागली हेही सांगायला हवे.

आगाऊ रकमेचा प्रश्न 2021 च्या मे महिन्यात उभा राहिला. हंगामापूर्वी नोंदणी करून पैसे भरणाऱ्यांना सवलत द्यावी आणि त्या रकमेतून बागेचा खर्च भागवून उचलीतून सुटावे, अशी व्यवस्था तोवर बसली होती. 16 मे रोजी तौक्ते चक्रीवादळ कोकण किनाऱ्याजवळून पुढे गेले आणि झाडावर राहिलेले शेवटच्या तोडीचे फळ एका दिवसात खाली आले, अनेक बागांतून कलमेही उन्मळली. फळ गेले होते आणि पैसे खतांत व मजुरीत आधीच खर्च झाले होते. दलालाशी असलेल्या व्यवहारात अशा वेळी उचल पुढच्या वर्षावर जाते, कारण दोघेही एकाच धंद्यातले असतात. पुण्यातील गिऱ्हाइकाने मात्र आंब्यासाठी पैसे दिलेले असतात, बागायतदाराच्या संकटात भागीदार होण्यासाठी नव्हे. सर्वांना कळवून, ज्यांना हवे त्यांचे पैसे हप्त्यांनी परत करण्यास पतसंस्थेतून कर्ज काढावे लागले. बऱ्याच कुटुंबांनी रक्कम पुढील हंगामासाठी राहू दिली; तथापि त्या अनुभवानंतर शेवटच्या तोडीसाठी आगाऊ पैसे घेणे बंद झाले, ते आजतागायत बंदच आहे.

उरलेल्या दहा महिन्यांसाठी आंबापोळी, आमसुले आणि काजू यांची जोड दिली गेली. प्रक्रियापदार्थांसाठी वेगळी अन्नसुरक्षा नोंदणी आणि व्यापारचिन्हाचा वेगळा वर्ग लागतो, काम घरातील व शेजारच्या स्त्रियांच्या हाती आहे आणि नफा बेताचा आहे. त्याचा मुख्य उपयोग असा की खोके उघडणाऱ्या कुटुंबाला दिवाळीतही हे नाव आठवते.

नाव जितके व्यक्तीशी बांधले जाते तितकी ती व्यक्ती कामातून मोकळी होणे अवघड बनते, ही अडचण सर्वांत उशिरा लक्षात आली. एका हंगामात टायफॉइडमुळे लेखकाला ऐन एप्रिलमध्ये अंथरूण धरावे लागले. फळ वेळेवर उतरले, खोकी नेहमीच्याच हातांनी भरली, गाड्या गेल्या, तरी त्या दिवसांत तक्रारी नेहमीपेक्षा वाढल्या, कारण दूरध्वनीवर ओळखीचा आवाज नव्हता. साक्याचे जे स्पष्टीकरण लेखकाकडून समजूतदारपणे ऐकून घेतले जात होते तेच त्याच्या बहिणीने दिल्यावर टाळाटाळ वाटू लागले. म्हणून पुढील हंगामापासून दूरध्वनी आणि हिशेब बहिणीकडे पूर्णपणे सोपवले गेले, बदली फळांचा नियम खोक्याच्या झाकणावर छापला गेला, आणि झाकणावरील लेखकाचे छायाचित्र काढून त्या जागी बाग क्रमांक व तारीख मोठ्या अक्षरांत घालावी असे ठरले. बहिणीच्या मते हे फार आधीच व्हायला हवे होते. वडिलांनी मात्र, ज्यांना पेटीवर नाव घालणेच मुळात पसंत नव्हते, छायाचित्र ठेवण्याचा आग्रह धरला, कारण गावातील पतसंस्थेत आणि तालुक्याच्या बाजारात आता लोक त्यांना त्या छायाचित्रावरून ओळखतात. तडजोड म्हणून ते सध्या फक्त दोन डझनांच्या खोक्यावर राहिले आहे आणि एक डझनाच्या खोक्यावरून गेले आहे.